हिरव्या पट्ट्याच्या वर

हिरवा कोणता, हे आमच्या घरात आधीच ठरलेलं होतं. अडलं ते पांढऱ्यापाशी.

नाकाडोंगरीतल्या आमच्या घराच्या बैठकीत जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत गडद हिरव्या ऑईल पेंटचा पट्टा आहे. दारं-खिडक्या सागाच्या, त्यांनाही तोच रंग. मामाजी, म्हणजे माझे सासरे, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत कामाला होते. पाळी संपवून आलेल्या माणसाचा हात, खांदा, डब्याची पिशवी जिथे म्हणून भिंतीला लागे तिथे चुन्यावर काळा डाग उमटे. मँगनीजची धूळ काळीशार, आणि चुन्यावरून ती पुसायला गेलं की आणखी पसरते. म्हणून मामाजींनी ओल्या फडक्याने पुसता येईल असा रंग लावून घेतला, आणि डाग उठून दिसू नयेत म्हणून गडद. पगारातून घरासाठी केलेली ती पहिली हौस, असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून सांगतात. दाराजवळचा पट्टा वर्षानुवर्षं पुसून इतका गुळगुळीत झाला आहे की तिथे बोट फिरवलं तरी ब्रशच्या रेघा लागत नाहीत.

नणंदेचं लग्न फाल्गुनात ठरलं आणि घर रंगवायचं निघालं. हे नागपूरला नोकरीला, आठवड्याने घरी येणार. तेव्हा रंग ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी याआधी कधी भिंतीचा रंग निवडलेला नव्हता. माहेरी आम्ही भाड्याने राहत होतो, घरमालक मारेल तो रंग आपला. मामाजींनी अट एकच घातली, "हिरवा रायला पायजे. बाकी तू पाह्य."

तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. आमच्या बाजूचं लग्नाचं सामान तिथूनच येतं आणि रंगाची दुकानंही तिथेच. जाताना मी एका जुन्या खिडकीच्या तुटलेल्या झडपेची फळी पिशवीत टाकली, कारण आपला हिरवा नेमका कसा आहे हे तोंडाने सांगता येईल अशी मला खात्री नव्हती. दुकानातल्या काकाजींनी फळी हातात घेतली. "हे चांगलं केलं बाई. लोकं नुसता हिरवा सांगतात अन् मंग डब्बा वापस घेऊन येतात." त्यांनी शेडकार्ड उघडून समोर ठेवलं. हिरव्यांची पानं मी उलटून टाकली आणि पांढऱ्यांच्या पानावर येऊन थांबले. पट्ट्याच्या वर पांढरा असतो, इतकंच मला ठाऊक होतं. तिथे पांढरे डझनांनी होते. काही पिवळसर, काही राखी, काही निळसर, काहींत नुसती गुलाबी झाक.

एकेक चौकोन फळीशेजारी धरून बघू लागले आणि मला काही कळेनासं झालं. कार्डावर सगळ्यांत स्वच्छ दिसणारा पांढरा हिरव्याशेजारी येताच गुलाबी वाटायला लागला. जो मळकट म्हणून मी सोडून देणार होते तो एकदम निवळला. निळसर पांढरा इतका गार पडला की बघवेना. फळी बाजूला केली की तिन्ही पुन्हा जवळपास सारखे. काकाजी म्हणाले, "असंच होते. हिरवा लय जोरदार रंग आहे, बाजूवाल्याले बदलून टाकते." असं का होतं, हे त्यांनाही सांगता येईना आणि दुकानात गर्दी होती. मी कार्ड घेऊन घरी आले.

कारण नंतर वाचून कळलं, आणि त्यातली एक हकीकत मला फार आवडली. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणणारा सरकारी कारखाना आहे. 1824 साली मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई खात्याचे प्रमुख झाले. तिथे तक्रार अशी की, काळा धागा निळ्या-जांभळ्या भागात विणला की फिका दिसतो, म्हणजे काळ्याची रंगाई कच्ची आहे. शेव्रलनी तपासलं तर रंगाई चोख होती. दोष शेजारच्या रंगांकडे होता. माणसाचा डोळा एका रंगाकडे बघताना त्याच्या विरुद्ध रंगाची छटा शेजारच्या जागेवर चढवतो, हे त्यांनी शेकडो प्रयोग करून मांडलं आणि 1839 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हिरव्याच्या समोरचा रंग लाल. त्यामुळे आमच्या एवढ्या मोठ्या, एवढ्या गडद हिरव्या पट्ट्याशेजारी कुठलाही शुद्ध पांढरा ठेवला तरी डोळा त्यात थोडा लाल मिसळणारच. कार्डावरचा पांढरा बघून भिंतीवरचा पांढरा ठरवता येत नाही, तो हिरव्यासकटच बघावा लागतो. हे समजल्यावर माझा गोंधळ संपला नाही, पण आपल्याला दिसत होतं ते खरंच दिसत होतं एवढा धीर आला.

तेवढ्यात हिरव्यानेही प्रश्न उभा केला. बैठकीतलं कपाट सरकवलं तेव्हा मागची भिंत वेगळी निघाली. बाहेरचा हिरवा निळसर, जरा उडालेला. कपाटामागचा जास्त गडद आणि पिवळसर. ऑईल पेंट अंधारात पिवळा पडतो हे पेंटरभाऊंनी सांगितलं, आणि उजेडात रंग उडतो हे तर आपण रोज बघतो. खाली, जिथे पावसाळ्यात ओल चढते, तिथे हिरव्याचा चक्क तांबूस पिवळा झाला होता. आता नवीन हात मारायचा तो यांतल्या कोणत्या हिरव्याचा? मी मामाजींना कपाटामागे घेऊन गेले. ते भिंतीपाशी वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हाच. आणला तवा असाच होता." मग जुळवायचा तो हाच, असं ठरलं. मशीनमधून येणारे आजचे बरेचसे गडद हिरवे निळ्याकडे झुकलेले असतात. आम्हाला त्यात पिवळा वाढवून घ्यावा लागला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती रंगसंगतीपेक्षा मोठी आहे. जुना ऑईल पेंट कोरडा घासू नये. पूर्वीच्या गडद हिरव्या रंगांमध्ये क्रोम ग्रीन नावाचं मिश्रण सर्रास वापरलं जाई, म्हणजे प्रशियन ब्लू आणि क्रोम यलो एकत्र. यातला क्रोम यलो हा शिशाचा क्षार आहे, आणि प्रशियन ब्लूला चुन्यासारखा क्षारीय ओलावा सोसत नाही, तो तपकिरी पडतो. खालच्या तांबूस डागांचं मूळ बहुधा त्यात असावं. घरगुती रंगात दर दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं असू नये हा नियम आपल्या देशात 2016 साली निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या रंगात काय आहे ते डब्ब्यावर लिहिलेलं नाही, आणि डब्बा तर कधीच गेला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. आमच्या घरात जावेचं लेकरू रांगतं. मी पेंटरभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी रेगमाल खाली ठेवला आणि म्हणाले, "आमाले तं कोणी सांगतलंच नाई बाई. आमी तीस वर्सं घासूनच रायलो." मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणा एकावर नाही, पण आला. त्यानंतर पट्टा पाणी लावून, पाण्याच्या रेगमालने, नुसता खरबरीत होईल इतकाच घासला. तोंडाला मास्क. खाली प्लास्टिक अंथरलं. चिखल ओल्या कपड्याने टिपून घेतला आणि लेकराला तेवढे दिवस आजोळी पाठवलं. पट्टा खरवडून काढण्याचा विचार कुणाच्या मनात असेलच तर तोही तिथेच संपला. मामाजींचा हिरवा आहे तिथे, नव्या हाताखाली, राहणंच सगळ्यांत चांगलं होतं.

वरच्या भागाची तयारी वेगळी. तिथे चुन्याचे थरावर थर होते आणि चुना भुकटी सोडतो. त्यावर सरळ इमल्शन मारलं तर ते पोपडे धरून उतरतं. तो चुना खरवडला, मग पुट्टी, मग प्रायमर. भिंत कोरी झाली आणि घरात मतभेद सुरू झाले.

आईंना पिवळा हवा होता, हळदीचा, लग्नघर आहे म्हणून. नणंदेला फिका गुलाबी. दिराने मोबाईलवर बघितलेल्या घरांत गडद हिरव्याशेजारी राखी रंग होता, त्याला तो हवा होता. मामाजी म्हणाले चुना माराजी, सोपं काम. प्रत्येकाच्या म्हणण्यात काहीतरी होतं आणि मला कुणालाही नुसतं नाही म्हणायचं नव्हतं. मी लहान डब्बे आणले, मोठाले पुठ्ठे घेतले आणि प्रत्येक रंगाचे दोन हात पुठ्ठ्यावर मारले. पुठ्ठ्याच्या कडेने भिंतीचा कोरा भाग दिसू नये म्हणून तो पट्ट्याला अगदी भिडवून टेकवला. भिंतीवरच चौकोन मारण्यापेक्षा पुठ्ठा बरा. तो उचलून खिडकीशी, कोपऱ्यात, दारामागे नेता येतो. आणि सुकेपर्यंत मत द्यायचं नाही, हे मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं, कारण इमल्शन सुकलं की थोडं गडद होतं आणि चुना सुकला की उलट उजळतो.

पिवळ्याने खोली पोळ्याच्या बैलाची झूल झाली. आई स्वतःच म्हणाल्या, "एवढा नोको." पण त्या पिवळ्याचा एक गुण मी लक्षात ठेवला: त्याच्या शेजारी हिरवा जिवंत दिसत होता. गुलाबी हा लालाचाच फिका भाऊ, त्यामुळे हिरव्याने त्याला आणखी गुलाबी केलं. कार्डावर जेमतेम दिसणारी छटा भिंतीवर गडद झाली. नणंदेला तो तरीही आवडला आणि तिच्या खोलीला, जिथे हिरवा पट्टा नाही, तो मारून दिला. तिथे तो शांत दिसतो. राखीचं मला फार वाईट वाटलं, कारण दिवसा तो खरोखर सुंदर होता. रात्री ट्यूबलाइट लावली की मात्र जांभळा व्हायचा, आणि हिरवा त्याच्याखाली मेल्यासारखा काळा पडायचा.

ट्यूबलाइटचं प्रकरण समजायला वेळ लागला. आपल्याकडच्या एलईडी ट्यूबचा उजेड बहुधा 6500 केल्विनचा, म्हणजे निळसर. जुन्या पिवळ्या बल्बचा साधारण 2700 केल्विनचा. तोच रंग या दोन उजेडांत दोन वेगळे रंग होतात. त्यात गडद हिरवा उजेड परत देतच नाही. रंग किती उजेड परतवतो याचं एक माप असतं, काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 100; गडद हिरवे त्यात 10 च्या आसपास किंवा खालीच येतात. म्हणजे आमच्या बैठकीत उजेड फिरवण्याचं सगळं काम वरच्या भिंतीने आणि छताने करायचं. वरचा रंग देखणा असून भागणार नव्हतं, तो पुरेसा उजळ हवा होता.

शिवाय आमच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षभर एकसारखा नसतो. पूर्वेकडची खिडकी बांधीवर उघडते. भादव्यात धान कमरेइतकं असतं आणि सकाळचा उजेड त्यावरून आत येताना हिरवा होऊन येतो. कार्तिकात धान पिवळं, तेव्हा हीच भिंत उबदार. कापणी झाली की धसकटं, आणि त्यात पेरलेली लाखोळी वर आली की पुन्हा हिरवं. उन्हाळ्यात मातीचा तांबूस उजेड. माझी निवड चालली होती ती लाखोळीच्या दिवसांत. मी आईंना विचारलं की पावसाळ्यात ही खोली कशी दिसते. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "पान्यात दिवा लावा लागते दुपारी." हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं. नाकाडोंगरीच्या चारी बाजूंना सातपुड्याचं जंगल, वनखात्याचं एक परिक्षेत्रच गावाच्या नावाने आहे, आणि श्रावणात ढग खाली उतरले की दुपारी चारला संध्याकाळ होते. त्या दिवसांसाठी वरचा रंग उबदार पाहिजे, हे तिथे पक्कं झालं.

उरला मामाजींचा चुना. चुन्याचा पुठ्ठाही मी केला होता. शुभ्र, कडक, हिरव्याच्या कडेला डोळ्याला टोचणारा. मामाजी बघत राहिले आणि म्हणाले, "आपला असा नोता." आणि ते बरोबर बोलले. खरवडून काढलेल्या चुन्याचा एक पोपडा मी ठेवला होता, तो आणून शेजारी धरला. चुलीच्या धुराने, उदबत्तीने, खाणीच्या धुळीने तो इतक्या वर्षांत सायीसारखा पिवळसर-तपकिरी झाला होता. त्याच्या आधीच्या मातीच्या घराला तर छुईचा हात असायचा, आणि छुई ही पांढरी माती मुळातच शुभ्र नसते. ज्याला सगळं घर इतकी वर्षं पांढरा म्हणत होतं, तो पांढरा नव्हताच.

मग मी पांढरा शोधणं सोडलं आणि मातीच्या रंगांकडे वळले. कॉलेजच्या सहलीत अजिंठा पाहिला होता तेव्हा भिंतींपेक्षा पायऱ्याच जास्त लक्षात राहिल्या होत्या. आता पुस्तकातली चित्रं पुन्हा बघितली. तिथला हिरवा हा हिरवी माती नावाच्या खनिजाचा आहे, दख्खनच्या बेसाल्ट खडकातच सापडणारा. त्याच्या शेजारी चित्रकारांनी काय ठेवलं? गेरू, पिवळी माती, काजळी, आणि चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पांढरा. लाल आहे, पण गेरूचा, म्हणजे मातीने उतरवलेला. पिवळा आहे, तोही मातीचा. हिरव्याच्या विरुद्धचा रंग टाळलेला नाही, त्याचा आवाज खाली आणलेला आहे. आईंचा पिवळा आणि नणंदेचा गुलाबी दोन्ही बरोबर होते. फक्त त्यांत माती मिसळायची राहिली होती.

किती मिसळायची, हे आंधळगावात कळलं. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोसा रेशमाच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. नणंदेच्या लग्नासाठी करवत काठी घ्यायला आम्ही बायका तिथे गेलो. या साडीचं अंग कोशाच्या मूळ रंगाचं ठेवतात आणि काठ रंगीत, त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. विणकर काकूंनी एकेक घडी उलगडत नेली आणि त्यात एक निघाली गडद हिरव्या काठाची, हिरव्याच्या आणि अंगाच्या मधे तांबूस करवत. मी ती उचलून दारातल्या उन्हात नेली, मग आत अंधारात आणली. कोशाचा तो रंग पिवळा नव्हता, तपकिरी नव्हता, राखीही नव्हता. तिन्ही थोडे थोडे होता. आणि हिरव्याच्या शेजारी तो स्वच्छ, उजळ दिसत होता. गुलाबीपणाचं नाव नव्हतं. काकू म्हणाल्या, "कोश्याले स्वताचा रंग रायते, आमी त्याले हात नाई लावत." कोशाची अळी ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढते, ही झाडं आमच्या जंगलात ठायी ठायी आहेत. म्हणजे हा रंग हिरव्याशेजारी मुळातच राहत आलेला. साडी नणंदेने घेतली. मी काकूंकडून कोशाच्या धाग्याची एक लहान लड मागून घेतली.

ती लड आणि फळी घेऊन पुन्हा तुमसर. काकाजींनी मशीनवर कार्डातला जवळचा रंग काढून दिला, पण तो लडीपेक्षा गोड होता, आईस्क्रीमकडे झुकलेला. पेंटरभाऊ सोबत होते. ते म्हणाले, "याच्यात अंबर पाह्यजे, थोडासाच." अंबर म्हणजे कथ्थई-तपकिरी स्टेनर. पांढऱ्यात त्याचे थेंब पडले की तो किंचित हिरवट-तपकिरी होतो आणि सगळा गोडवा उतरतो. आता शेव्रलांचं म्हणणं हाताला लागलं: हिरवा पट्टा शेजाऱ्यावर गुलाबी चढवणार, तर शेजाऱ्यात आधीच थोडी हिरवट माती घालून ठेवायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. आधी पिवळ्या मातीचं स्टेनर, मग अंबर, ढवळायचं, पुठ्ठ्यावर एक हात, पंख्याखाली सुकवायचं, लड शेजारी धरायची. पेंटरभाऊंनी हे काम इतक्या निगुतीने केलं की मला त्यांच्याकडून शिकताना फार आनंद झाला. प्रत्येक वेळी किती घातलं ते मी वहीत लिहीत होते, कारण पुढचे डब्बे याच्याशी जुळायला हवेत, आणि ही एक गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगेन: हाताने मिसळायचं असेल तर एका भिंतीपुरता नाही, सगळ्या खोलीपुरता रंग एकाच मोठ्या टपात एकदम मिसळून घ्या.

संध्याकाळी मामाजींना सांगताना मी अंबर कशाचं बनतं ते वाचून दाखवलं. अंबर ही माती आहे, सायप्रसची फार नावाजलेली. तिचा रंग येतो लोखंडाच्या आणि मँगनीजच्या ऑक्साइडांमुळे. त्या मँगनीजमुळेच ती नुसत्या पिवळ्या मातीपेक्षा गडद आणि थंड दिसते. मामाजींनी मला पुन्हा वाचायला लावलं. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, तिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जातं हे त्यांना तोंडपाठ. चिखल्याची खाण भूमिगत, 1896 साली स्थापन झालेल्या इंग्रज कंपनीने या पट्ट्यात काम सुरू केलं, 1962 पासून मॉईल ही कंपनी, हे सगळं ते सांगत असतात. पण आपल्या धुळीचा भाऊबंद रंगाच्या डब्ब्यातही असतो हे त्यांना नवं होतं. ज्या धुळीपासून भिंत वाचवायला हिरवा पट्टा मारला, त्याच धातूचा अंश त्या पट्ट्याच्या वरच्या रंगाला जागेवर बसवत होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंग टाक थोडासा अजून." मी थोडासा अजून टाकला नाही, रंग तेवढ्यावरच नेमका होता, पण वहीत त्यांचं वाक्य लिहून ठेवलं आहे.

मधली रेघ ही नणंदेची सूचना. साडीत हिरव्याच्या आणि कोशाच्या मधे तांबूस करवत होती, तशी भिंतीवर का नाही? दाते काढायचे नव्हते, नुसती दोन बोटं रुंद गेरूच्या रंगाची पट्टी. या पट्टीने दोन कामं झाली. जुन्या पट्ट्याची वरची कड कित्येक ठिकाणी वाकडी होती, ती झाकली गेली. आणि हिरवा व कोसा थेट भिडत नसल्यामुळे दोघांची मधली सीमा डोळ्याला खुपेनाशी झाली. दिवसा ती पट्टी लालसर चमकते. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मात्र ती जवळजवळ काळी होते आणि हिरवा मागाहूनही थोडा वेळ हिरवा राहतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांना हेच पहाटे फुलांकडे बघताना दिसलं होतं: उजेड कमी झाला की डोळ्याला लाल आधी अंधारतो, हिरवा-निळा उशिरा. म्हणून गेरूचा पट्टा रुंद घेऊ नये असं मला वाटतं. दोन बोटं पुरेत. खोलीभर गेरू मारला तर तिन्हीसांजेला खोली विझते.

छताला मी तोच कोसा घेतला, पण चार भाग पांढऱ्यात एक भाग मिसळून. अगदी शुभ्र छत या दोन रंगांच्या वर पुन्हा गुलाबी दिसलं असतं, ही भीती होती, आणि पुठ्ठा वर धरून बघितल्यावर ती खरी निघाली. ट्यूब काढून उबदार उजेडाचे दिवे लावले. दारं-खिडक्या हिरव्याच, कड्या-कोयंडे पितळी होते ते चिंचेने घासून तसेच ठेवले. पितळ हिरव्यावर जितकं शोभतं तितकं दुसऱ्या कशावर शोभत नाही, याबद्दल घरात कुणाचाही वाद झाला नाही.

ओसरीला नीळ टाकलेला चुना, आमच्या गावात अर्ध्या घरांना असतो तसा. हिरव्या दाराशेजारी फिका निळा विसंगत दिसेल असं दीर म्हणत होता. दिसत नाही. हिरवा आणि निळा शेजारचे रंग, ते एकमेकांना ढकलत नाहीत, आणि ओसरीवर उघड्या उन्हात चुन्याची शुभ्रता टोचत नाही, उलट गारवा देते. नीळ चुन्यात टिकते, प्रशियन ब्लूसारखी तपकिरी पडत नाही. आपल्या बायांनी पिढ्यान्पिढ्या नेमका हाच निळा चुन्यासाठी वापरला.

आता स्वयंपाकघर राहिलं आहे. तिथे दार हिरवं, ओट्यामागे निळ्या फुलांच्या टाइल्स आणि उजेड फक्त उत्तरेचा. बैठकीतला कोसा तिथे मी धरून बघितला, तो मळका दिसतो. उत्तरेच्या गार उजेडात त्यातला अंबर पुढे येतो. अंबर निम्मं करून आणि पिवळी माती थोडी वाढवून एक पुठ्ठा केला आहे, आईंच्या हळदीचा अगदी फिका हात असलेला दुसरा. दोन्ही ओट्याशेजारी टेकवून ठेवले आहेत. आई भाकरी थापताना त्यांच्याकडे बघतात आणि सध्या त्यांचं मत दुसऱ्याकडे आहे. पेंटरभाऊ सोमवारी येणार आहेत.